रांगेत उभ्या अँबॅसिडरचे दिवे का मंदावतात?

आषाढातली रात्र होती. राधानगरीकडून फोंडा घाट उतरत होतो, मध्येच कुठेतरी झाड आडवं पडलं आणि गाड्यांची रांग लागली. पुढे एसटी, मागे सिमेंटचा ट्रक, मध्ये आमची अँबॅसिडर मार्क टू. पाऊस असा की क्षणभर काच पुसली नाही तर पुढची एसटीसुद्धा दिसेना. इंजिन चालू, दिवे चालू, वायपर चालू. दहा मिनिटांत हेडलाइट पिवळे पडले. वीस मिनिटांनी वायपर काचेच्या मध्यावर येऊन थांबायचा, विचार करायचा आणि मग उरलेली फेरी पुरी करायचा. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मात्र पेटलेला. अख्ख्या गाडीत तोच काय तो जोमात होता.

दुसऱ्या दिवशी कुडाळात ज्याला ही हकिकत सांगितली त्याने एकच सल्ला दिला: डायनमो काढ, मारुतीचा अल्टरनेटर टाक. दोन्ही यंत्रं इंजिनच्या बेल्टवर फिरून गाडीची वीज बनवतात; डायनमो जुना, अल्टरनेटर नवा. जुन्या गाड्यांच्या दुनियेत हा सल्ला पानसुपारीसारखा पुढे केला जातो. हल्ली तो जास्तच ऐकू येतो, कारण पडवीत ताडपत्रीखाली पडलेल्या फियाट, जीप आणि अँबॅसिडर पुन्हा बाहेर निघतायत. सल्ला चुकीचा नाही. पण त्यामागे काय आहे हे न कळता तो अमलात आणला तर पैसे जातात आणि दिवे पिवळेच राहतात. माझे गेले होते म्हणून सांगतो.

सायकलचा डायनमो आठवतो का?

टायरला घासून फिरणारी ती बाटली. उतारावर सायकल सुटली की पुढचा दिवा लखलखायचा. चढावर पाय जड झाले की तोच दिवा निखाऱ्यासारखा लालसर व्हायचा आणि उतरून ढकलायला लागलो की काळोख. गाडीच्या डायनमोचं दुखणं यापेक्षा फार वेगळं नाही. वेग असेल तर वीज, नाही तर नाही.

मुळात गोष्ट एकच आहे. चुंबकाजवळ तारेचं वेटोळं फिरवलं की तारेत वीज निर्माण होते. मायकेल फॅरडेने १८३१ साली हे दाखवलं आणि कोयनेच्या वीजघरापासून सायकलच्या बाटलीपर्यंत सगळे त्याच नियमावर चालतात. पण फिरणाऱ्या वेटोळ्यासमोर चुंबकाचं एकदा उत्तर टोक येतं, एकदा दक्षिण. त्यामुळे निघणारी वीज ओटीवरच्या झोपाळ्यासारखी असते: एकदा पुढे, एकदा मागे. घरातल्या प्लगमधली वीज अशीच झोके घेते. बॅटरीला मात्र ती चालत नाही. बॅटरी भरायची तर वीज एकाच दिशेने आत जायला हवी.

तेव्हा गाडीत वीज निर्माण करणाऱ्या कुठल्याही यंत्रापुढे दोन कामं असतात: वीज काढायची आणि झोके एकाच दिशेला वळवायचे. डायनमो आणि अल्टरनेटर यांच्यातला सगळा फरक या दुसऱ्या कामातून उगवतो. (जाता जाता: आपल्या सायकलवरचा तो ‘डायनमो’ हे दुसरं काम करतच नाही. बल्बला दिशेशी देणंघेणं नसतं. म्हणजे काटेकोर बोलायचं तर तो अल्टरनेटरच. नाव मात्र डायनमो पडलं आणि चिकटलं.)

टाकी, पंप आणि फूट व्हॉल्व्ह

विहीर आणि बागायत असलेल्या माणसाला गाडीची वीज समजायला वेळ लागू नये. बॅटरी म्हणजे वरची टाकी. डायनमो म्हणजे पंप. पाण्याचा दाब म्हणजे व्होल्ट आणि पाइपातून किती पाणी जातंय ते म्हणजे अँपिअर. दिवे, वायपर, हॉर्न हे सगळे टाकीवरचे नळ. पंप सुरू असेपर्यंत तो नळांनाही पुरवतो आणि टाकीही भरतो. पंप बंद असेल तर सगळं पाणी टाकीतलं.

पंप थांबल्यावर टाकीतलं पाणी उलट विहिरीत जाऊ नये म्हणून आपण फूट व्हॉल्व्ह लावतो. डायनमोलाही तसाच व्हॉल्व्ह लागतो, नाही तर इंजिन मंद झालं की बॅटरी डायनमोतच रिकामी होईल. त्याचं नाव कटआउट. शिवाय टाकी भरली की पंपाचा जोर कमी करणारं काहीतरी हवं. ते काम रेग्युलेटरचं. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या व्यवस्थेत ही दोन्ही माणसं बॉनेटखाली एकाच काळ्या डबीत राहतात, आणि आपल्याकडचे मिस्त्री सगळ्या डबीलाच ‘कटआउट’ म्हणतात. झाकण काढलंत तर आत दोन वेटोळी आणि पुढेमागे टकटकणारे पॉइंट दिसतील. सेकंदाला कित्येक वेळा ते उघडतात-मिटतात. पन्नास वर्षं खाऱ्या हवेत राहूनही ते टकटकत असतील तर त्यांना नमस्कार करावा.

फिरत्या पाळण्यातून पोती उतरवणं

आता डायनमो आतून बघू. आमच्या मिस्त्रींनी माझा डायनमो बाकावर उघडला तेव्हा मी तो पहिल्यांदाच नीट पाहिला. लांबट नळकांडं, आतल्या भिंतीला चिकटून दोन फिल्ड कॉइल. हे झालं चुंबक. मधोमध फिरतो तो आर्मेचर, त्यावर जाड तांब्याच्या तारा भरलेल्या. आर्मेचरच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा गोल असतो, त्याला कम्युटेटर म्हणतात. दोन पट्ट्यांच्या मध्ये अभ्रकाची फट. त्यावर दोन बाजूंनी कार्बन, म्हणजे वीज बाहेर काढून घेणारे तुकडे, टेकलेले. आर्मेचर अर्धा फेरा फिरला की कार्बनखालची पट्टी बदलते, आणि नेमक्या त्याच क्षणी वीज उलटणार असते. म्हणून बाहेर येणारा प्रवाह एकाच दिशेचा राहतो. झोपाळा मागे जायला लागला की आपणच उठून पलीकडे जाऊन बसायचं, अशी ती युक्ती.

मिस्त्रींनी हॅक्सॉ ब्लेडचा एक तुकडा दगडावर घासून बारीक केला आणि पट्ट्यांमधलं अभ्रक एकेक करून खरवडलं. पट्ट्यांपेक्षा अभ्रक वर राहिलं तर कार्बन उडतात आणि ठिणग्या पडतात. अर्धा तास ते काम चाललं होतं, चष्मा नाकावर, तोंडात विडी, न पेटवलेली.

युक्ती सुंदर आहे, पण महागात पडते. जत्रेतल्या फिरत्या पाळण्यात बसलेल्या माणसाच्या हातून तांदळाची पोती उतरवून घ्यायची आहेत असं समजा. पाळणा सावकाश असेल तर जमेल. जोरात फिरायला लागला की पोतीही सुटतील आणि माणूसही. डायनमोत सगळी वीज फिरणाऱ्या भागात तयार होते आणि सगळीच्या सगळी कार्बनमधून बाहेर काढावी लागते. जड तारा भरलेला आर्मेचर फार वेगाने फिरवला तर तारा बाहेर फेकल्या जातात. म्हणून डायनमोची पुली मुद्दाम मोठी ठेवतात, म्हणजे महामार्गावर इंजिन गरगरलं तरी तो बेतानेच फिरावा. त्याची किंमत आपण रांगेत उभे असताना मोजतो. आयडलिंगवर, म्हणजे गाडी उभी असताना नुसतं मंद चालू असलेलं इंजिन, मिनिटाला सुमारे ६०० ते ७०० फेऱ्यांना असतं, डायनमो त्याच्या दीडपट-पावणेदोनपट, म्हणजे हजार-बाराशे. लुकासचा सी-४० जातीचा डायनमो जवळपास १,४५० फेऱ्यांना कुठे वीज द्यायला तयार होतो आणि २,२५० च्या आसपास त्याचे पुरे २२ अँपिअर मिळतात. म्हणजे उभ्या गाडीत तो फिरतो, पण देत काही नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो. लोक म्हणतात घाट चढताना दिवे मंदावतात. चढताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असते, इंजिन चांगलं फिरत असतं आणि डायनमो खूश असतो. तो मान टाकतो ते रांगेत, गणपतीच्या दिवसांत महामार्गावर पावलापावलाने सरकताना, किंवा इंजिनचा वेग सोडून गाडी सावकाश उतरवताना.

त्या रात्रीचा हिशेब

दोन हेडलाइट, हॅलोजनचे, ५५ वॉटचे: ११०. पुढचे-मागचे छोटे दिवे प्रत्येकी ५ वॉट, चार मिळून २०. नंबरप्लेट आणि मीटरचे दिवे मिळून १०. वायपर साधारण ४०. इग्निशन कॉइल आणखी ४०. झाले २२० वॉट. बारा-साडेबारा व्होल्टने भागा: जवळपास १८ अँपिअर. उतारावर रांगेत पाय ब्रेकवर असतो, मागचे दोन ब्रेकलाइट २१ वॉटचे, आणखी साडेतीन. एकूण साडेएकवीस.

सी-४० पुऱ्या जोमात २२ देतो. म्हणजे गाडी धावत असतानाही हिशेब कसाबसा जमतो, बॅटरी भरायला अर्धा अँपिअर उरतो. उभ्या गाडीत पंप बंद आणि सगळे नळ उघडे. दीड तास असं चाललं तर ६० अँपिअर-तासांची नवी बॅटरीसुद्धा निम्म्याहून खाली येते. माझी काही नवी नव्हती.

गाडी बनवणाऱ्यांची यात चूक नव्हती. त्या काळी गाडीत रेडिओ ही चैन होती, हेडलाइट कमी वॉटचे होते, आणि रात्री भर पावसात तास-दोन तास रांगेत उभं राहायला रस्त्यावर तेवढ्या गाड्या तरी कुठे होत्या?

अल्टरनेटर काय वेगळं करतो

तो पोती जमिनीवर ठेवतो आणि पाळण्यात फक्त हलका माणूस बसवतो. म्हणजे असं: अल्टरनेटरमध्ये फिरतं ते चुंबक, आणि वीज तयार होते ती बाहेरच्या, जागेवर बसलेल्या वेटोळ्यांत. फिरणाऱ्या चुंबकाला जागं ठेवायला जेमतेम दोन-चार अँपिअर लागतात. कार्बनमधून तेवढेच जातात, तेही पट्ट्यापट्ट्यांच्या गोलावरून नव्हे, गुळगुळीत कड्यांवरून. त्यामुळे ठिणग्या नाहीत, झीज कमी, आणि तो खूप जास्त वेगाने फिरवता येतो. वेगाने फिरवता येतो म्हणून त्याची पुली लहान. पुली लहान म्हणून इंजिन मंद असतानाही तो पुरेसा फिरतो.

मग झोके वळवायचं काम? ते डायोड करतात. डायोड म्हणजे विजेचा फूट व्हॉल्व्ह: एकाच दिशेने जाऊ देतो, हलणारा भाग एकही नाही. असे सहा डायोड मिळून झोक्याच्या दोन्ही बाजू एकाच दिशेला वळवतात. बॅटरीतली वीज उलट येऊ न देण्याचं कामही तेच करतात, म्हणून कटआउट लागत नाही. अल्टरनेटर एका मर्यादेपलीकडे अँपिअर देऊच शकत नाही, तो गुण त्याच्या वेटोळ्यांतच आहे. रेग्युलेटर तेवढा लागतो आणि नंतरच्या अल्टरनेटरमध्ये तोही पाठीतच बसवलेला येतो.

ही कल्पना जुनीच होती. अडलं होतं ते स्वस्त, लहान, उष्णता सोसणाऱ्या डायोडपाशी. सिलिकॉनचे तसे डायोड आले आणि अमेरिकेत क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंट गाडीपासून अल्टरनेटर सर्रास द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे डायनमो त्यानंतरही बराच काळ टिकला.

लुकासचा १७ एसीआर हा जुना अल्टरनेटरसुद्धा ३६ अँपिअरचा आहे. पण तो आकडा बघून भाळू नका. आपल्याला हवे आहेत ते आयडलिंगवरचे अँपिअर, वरचे नव्हेत.

पण आधी अर्थिंग

माझे पैसे गेले ते इथे. मी अल्टरनेटर घेऊन गेलो तेव्हा मिस्त्रींनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाले, “झिला, डायनमो वायच म्हातारो झालो हा, पण वीज पोचताच खंय? आदी अर्थिंग बघ.” मी घाईत होतो. दुसरीकडे जाऊन बसवून घेतला. दिवे थोडे सुधारले; लखलखले नाहीत. पंधरवड्याने मान खाली घालून परत त्यांच्याकडेच गेलो.

गाडीत वीज एका तारेने दिव्यापर्यंत जाते आणि परत येते ती गाडीच्या पत्र्यातून. हा परतीचा रस्ता म्हणजे अर्थिंग. समुद्रावरची हवा पहिल्यांदा तोच खाते. बॅटरीची पट्टी जिथे पत्र्याला बोल्टने लावली आहे तिथे रंगाखाली गंज. इंजिन रबरावर बसलेलं असतं म्हणून त्याला पत्र्याशी जोडणारी वेगळी विणलेली पट्टी असते, तिचे धागे तुटलेले. हेडलाइटच्या होल्डरमागे तांब्यावर हिरवा थर. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं, तसंच हे.

हा थर दिसायला किरकोळ. पण बल्बला मिळणारे व्होल्ट १० टक्क्यांनी घटले तर उजेड १० नव्हे, सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. मिस्त्रींनी मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवलं, दुसरं हेडलाइटच्या अर्थच्या स्क्रूवर, आणि मला दिवे लावायला सांगितले. तिथे ०.२ व्होल्टच्या आत आकडा हवा. माझा आला १.३. म्हणजे दिव्यापर्यंत पोचण्याच्या ऐवजी सव्वा व्होल्ट गंज तापवण्यात जात होता. अल्टरनेटर काय, महापारेषणचा टॉवर आणून उभा केला असता तरी तो गंज तसाच तापला असता.

बॅटरीच्या टोकांवरची पांढरी भुकटी गरम पाण्याने धुतली. पत्रा चकाकेपर्यंत घासला, तारांच्या टोकांना नवे लग (बोल्टात अडकणाऱ्या कड्या) दाबून बसवले, बोल्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीन फासलं. इंजिनची पट्टी नवी. हेडलाइटला रिले, म्हणजे दिव्यांचा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या म्हाताऱ्या बटणातून न जाता बॅटरीकडून थेट जाड तारेने. एक दुपार गेली आणि खर्च अल्टरनेटरच्या पासंगालाही पुरणार नाही एवढा. त्या संध्याकाळी अंगणातल्या माडाच्या झावळ्या मोजता येत होत्या.

माझं मत विचाराल तर हे काम झाल्यावर महिनाभर गाडी चालवावी आणि मगच अल्टरनेटरचं ठरवावं. फक्त सकाळी नाक्यावर जाऊन येणाऱ्या, पावसाळ्यात झाकून ठेवलेल्या गाडीला डायनमो पुरे आहे. रात्री आणि पावसात गाडी खरोखर वापरायची असेल तर मात्र बदलच.

बदलताना हात कुठे कुठे लागतो

डायनमो लांब नळकांड्यासारखा, अल्टरनेटर आखूड आणि लठ्ठ. ब्रॅकेट बनवावा लागतो किंवा जुना कापून वाढवावा लागतो. कापू नका, नवा बनवून घ्या. कारण पुढे येईल.

मग पुली. जुन्या गाडीचा बेल्ट रुंद असतो, मारुतीच्या अल्टरनेटरची पुली त्याला बसत नाही. बरेच जण सरळ डायनमोची मोठी पुली अल्टरनेटरवर चढवतात. बेल्ट बसतो, गाडी चालते आणि आयडलिंगवर परत तोच अंधार, कारण अल्टरनेटरचा वेगच काढून घेतला. लेथवाल्याकडून बेल्टच्या रुंदीची पण लहान व्यासाची पुली करून घ्या. तिन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून बघा. बेल्ट अंगठ्याने दाबला तर लांबच्या बाजूला साधारण १२ मिलिमीटर दबावा.

तारांत नवी विद्या काही नाही. डायनमोला दोन तारा येतात, जाड डी आणि बारीक एफ. जुन्या कटआउटच्या डबीत पाच टोकं: ए, ए-१, एफ, डी आणि ई. बदलानंतर डबीतलं काम संपतं. ती फक्त तारा जोडायची जागा उरते. अल्टरनेटरची जाड तार, ए आणि ए-१ एकत्र येतात. डीवर जी बारीक तार चार्जिंगच्या लाल दिव्याकडून आलेली असते ती एफच्या तारेला जोडून अल्टरनेटरच्या दिव्याच्या टोकाला जाते. जुनी डीची तार २२ अँपिअरसाठी होती आणि तिचं कापडी आवरण आता चिवड्यासारखं कुरकुरीत झालेलं असतं, तेव्हा तिच्यावर भिस्त ठेवू नका. किमान ६ चौरस मिलिमीटरची नवी तार टाका आणि बॅटरीच्या बाजूला योग्य फ्यूज.

त्या लाल दिव्याकडे दुर्लक्ष करू नका. डायनमोत तो नुसती खूण होता. अल्टरनेटरमध्ये तो कामकरी आहे. सुरुवातीला चुंबकाला जागं करणारी वीज त्याच बल्बमधून जाते. बल्ब गेला, किंवा हौसेने तिथे एलईडी लावला, तर अल्टरनेटर फिरत राहील आणि बराच वेळ काहीच देणार नाही.

जीपसारख्या गाडीत अँपिअर मीटर असतो, दोन्ही बाजूंना ३० पर्यंतचा. मोठ्या अल्टरनेटरचा सगळा प्रवाह त्यातून नेला तर तो तापतो, प्रसंगी डॅशबोर्डच्या मागे धूर निघतो. तिथे व्होल्ट मीटर बरा.

प्लस अर्थ म्हणजे काय भानगड?

जुन्या ब्रिटिश घराण्याच्या अनेक गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक पत्र्याला जोडलेलं असतं. आजचा बाजारातला अल्टरनेटर निगेटिव्ह अर्थचाच असतो. उलटा जोडला तर पहिल्याच ठिणगीत डायोड जातात, क्षमा नाही. म्हणून कुणाच्या सांगण्यावर न जाता बॅटरीची कुठली पट्टी पत्र्याला लागली आहे ते डोळ्यांनी बघा.

उलटायचं असेल तर बॅटरी फिरवावी लागते आणि टोकांवरचे क्लॅम्प बदलावे लागतात, कारण बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक निगेटिव्हपेक्षा जाड असतं. इग्निशन कॉइलच्या दोन बारीक तारांची अदलाबदल, अँपिअर मीटरच्याही. सेल्फ आणि त्या काळच्या वेटोळ्यांच्या मोटरींना फरक पडत नाही, त्या त्याच दिशेने फिरतात. नंतर बसवलेला कायम चुंबकाचा वायपर मात्र उलटा फिरेल. जुना रेडिओ असेल तर तो आधी सुटा करा.

“इंजिनवर भार येऊन पेट्रोल वाढणार ना?”

अल्टरनेटर जेवढी मागणी तेवढंच ओढतो. ३६ अँपिअरचा बसवला म्हणून तो चोवीस तास ३६ ओढत नाही. आपल्या २२० वॉटच्या हिशेबात वाया जाणारी ऊर्जा धरूनही इंजिनकडून सुमारे ४०० वॉट जातात, म्हणजे अर्धी अश्वशक्ती. डायनमोलाही याच्या आसपासच लागायचं. दिवे बंद असतील तर त्याहून कितीतरी कमी.

“मग सगळे दिवे एलईडीच का नको?”

प्रश्न रास्त आहे. मागचे, नंबरप्लेटचे, मीटरचे दिवे एलईडी केले तर दोनेक अँपिअर वाचतात आणि धावत्या गाडीत डायनमोवरच भागतं. हेडलाइटचं मला पटत नाही. जुना परावर्तक तारेच्या बल्बसाठी घडवलेला. त्यात एलईडी घातला की उजेड भलतीकडे फेकला जातो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि घाटातल्या धुक्यात आपल्यापुढे पांढरी भिंत उभी राहते.

“डायनमो रस्त्यात दुरुस्त होतो, अल्टरनेटर होतो का?”

नाही होत. पॉलिश पेपरने कम्युटेटर पुसून, काडीपेटीचा तुकडा कार्बनच्या स्प्रिंगखाली सारून लोक कणकवलीहून रत्नागिरीला पोचले आहेत. बॅटरी पूर्ण मेली तरी डायनमोतल्या लोखंडात थोडं चुंबकत्व उरतं, त्यामुळे ढकलून चालू केलेली गाडी तो वर काढतो. अल्टरनेटरला जागं व्हायला बॅटरीत थोडा तरी जीव लागतो. हे दोन गुण डायनमोचे, मान्य. पण सी-४० चे सुटे भाग शोधायला हल्ली जुन्या बाजारात फिरावं लागतं, आणि मारुतीच्या अल्टरनेटरचे कार्बन तालुक्याच्या गावी मिळतात.

“गाडीचा अस्सलपणा आणि आरटीओ?”

मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ गाडीच्या मूळ स्वरूपात, नोंदणी प्रमाणपत्रावरच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करायला मनाई करतं. डायनमोची नोंद प्रमाणपत्रावर नसते. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी ‘व्हीए’ नंबरांची मालिका दिली. तिथे अट आहे ती चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नसावेत ही. त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापराला मात्र चालत नाही, आणि प्रदर्शनात परीक्षक बॉनेट उघडतातच. अशा गाडीला डायनमोच शोभतो. परदेशात डायनमोच्या नळकांड्यात बसवलेले अल्टरनेटर मिळतात. मला ते जरा नाटकी वाटतात, पण हौसेला मोल नाही.

जुन्या सवयी मोडाव्या लागतात

डायनमो चार्ज करतो का ते बघायला जुने मिस्त्री डीची तार काढून पत्र्याला टेकवायचे आणि ठिणगीचा रंग बघायचे. अल्टरनेटरवर हे केलं तर डायोड तिथेच गेले. चालू इंजिनवर बॅटरीची पट्टी काढून पाहणं तसंच: भार एकदम सुटला की व्होल्ट उसळतात. गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी अल्टरनेटरच्या तारा सोडायच्या. आणि एक विसरायला होतं ते: डायनमोच्या डीवर इंजिन बंद असताना जीव नसायचा, अल्टरनेटरची जाड तार चोवीस तास जिवंत असते. पान्हा घसरला तर आतषबाजी.

तपासायला मल्टिमीटर पुरे. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास. इंजिन चालू, थोडा वेग, की १३.८ ते १४.४. मग सगळे दिवे आणि वायपर लावा, इंजिन आयडलिंगवर सोडा आणि आकडा बघा. माझा १३.१ ला टेकतो आणि तिथेच राहतो. या गणपतीत कणकवलीच्या अलीकडे पाऊण तास रांगेत होतो, पाऊस होताच. वायपर एकदाही विचारात पडला नाही.

डायनमो माळ्यावर आहे. कार्बन काढून वेगळ्या पुडीत, कम्युटेटरला कागद गुंडाळून, बेअरिंगला ग्रीस, आणि वरून नारळाचं पोतं. सोबत जुना न कापलेला ब्रॅकेट आणि मोठी पुली, दोन्ही एकाच तारेत ओवलेले. गाडीत कटआउटची काळी डबी जागच्या जागी आहे. मिस्त्रींनी झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्याने कोरून ठेवलंय कुठली तार कुठे होती ते: ए, ए-१, एफ, डी, ई. कुणी परत जोडायला घेतलं तर सापडेल.